घर स्वस्त, पण कुणाला?

(परळ येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आज मला ‘स्थलांतर आणि स्त्रिया’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मराठवाड्यातून ऊसतोडीला निघालेली बाई येते, नाहीतर परदेशी गेलेली नर्स येते. मी बोलणार आहे ते चाळीस-साठ किलोमीटरच्या स्थलांतराबद्दल. लालबागहून बदलापूर, गिरगावहून विरार, परळहून डोंबिवली. याला कुणी स्थलांतर म्हणत नाही. ‘त्यांनी मोठी जागा घेतली’ असं म्हणतात. पण गेल्या चाळीस वर्षांत आपल्या या भागातली किती घरं अशी उठून गेली, आणि जाताना बाईचं काय काय मागे राहिलं, याचा हिशोब आपण संघटना म्हणूनही फारसा मांडलेला नाही.

सुरुवात माझ्याच घरापासून करते. माझे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, त्यात तेही होते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे मी वडिलांना गिरणीत जाताना पाहिलेलं नाही. मी पाहिली ती आईची खाणावळ. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती रोज चौदा डबे करायची. कुणी परळच्या इस्पितळात वॉर्डबॉय, कुणी बाजारात हमाल, कुणी वॉचमन. घर त्या डब्यांवर चालायचं, पण कुणी विचारलं की वडील सांगायचे, ‘ती घरीच असते.’

२००३ मध्ये वडिलांनी खोली विकली. पागडीची खोली, म्हणजे आलेल्या पैशातला घरमालकाचा हिस्सा गेला, बहिणीच्या लग्नाचं कर्ज फिटलं आणि उरलेल्या पैशात बदलापूरला एक खोली-स्वयंपाकघर घेतलं. मी बारा वर्षांची होते. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, कारण घरात संडास होता. मैत्रिणींनो, हे मी मुद्दाम सांगते आहे. चाळीतल्या प्रेमळ शेजाराच्या आठवणी काढताना सामाईक संडासाची रांग, पोटमाळ्यावरचा संसार, सुनेला कपडे बदलायला नसलेला आडोसा हे आपण विसरू नये. बाईला दार लावून घेता येईल अशी जागा हवी असते, आणि ती लालबागमध्ये परवडत नव्हती, हे खरंच होतं.

पण आईचं काय झालं? तिची चौदा गिऱ्हाइकं लालबाग-परळला राहिली. वर्षभर ती पहाटे साडेतीनला उठून डबे करायची आणि बायकांच्या डब्यात दोन पिशव्या घेऊन उभी राहायची. मग गुडघे गेले, गिऱ्हाइकं तुटली आणि खाणावळ बंद झाली. ज्या बाईच्या कमाईवर संपानंतरची वीस वर्षं निघाली, ती पन्नाशीच्या आत नवऱ्याकडे भाजीसाठी पैसे मागू लागली. खोली विकायच्या कागदावर सही वडिलांची होती. आईला व्यवहार ठरल्यावर सांगण्यात आलं. पुढे एकदा मी तिला विचारलं, तर म्हणाली, ‘मी कदाचित हो म्हटलं असतं गं. पण मला कुणी विचारलंच नाही.’

आता हे आमच्या एकट्या घराचं नाही. गिरण्यांमध्ये एकेकाळी दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. वाइंडिंग, रीलिंग ही खाती बायकांची होती. पुढे यंत्रं बदलली, कपात आली आणि ती आधी बायकांवर आली. गिरणीतून बाहेर पडलेल्या, गावाहून आलेल्या बायका खाणावळ, भाजीची पाटी, धुणीभांडी यांकडे वळल्या. याच खाणावळवाल्यांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराच्या ऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तेव्हा पहिल्यांदा समाजाला कळलं की या ‘घरीच असणाऱ्या’ बायका गिरणगाव जेवू घालत होत्या. या सगळ्या कामांचं एक वैशिष्ट्य आहे. ती जागेला बांधलेली असतात. गिऱ्हाईक, उधारी देणारा वाणी, मूल सांभाळणारी शेजारीण, अडीनडीला धावणारी भिशी, हे सारं चालत जाण्याच्या अंतरात असतं. पुरुषाची नोकरी पासावर चालते, गाडी पकडली की झालं. बाईचा रोजगार असा पिशवीत घालून नेता येत नाही.

गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं तेही थोडक्यात पाहू. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत असं होतं की गिरणीची जमीन विकायला काढली तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. चिमण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले ते या रस्त्याने. भाव वाढले, वाण्याचं दुकान गेलं, शाळा महागल्या, आणि आपल्याला वाटलं की आपणच स्वखुशीने बदलापूरला गेलो.

हल्ली आमच्याकडे फील्डवर्कला येणाऱ्या मुलींपैकी एकीने मला विचारलं, ‘ताई, स्पेनला जाऊन राहिलं तर? ऑनलाइन काम करणाऱ्यांना २०२३ पासून तिथे वेगळा व्हिसा मिळतो, आणि युरोपात त्यातल्या त्यात स्वस्त आहे म्हणतात.’ मुलगी दादरची, हुशार, तिने जरूर जावं. पण मी तिला म्हटलं, तिथल्या बायकांचंही ऐक. बार्सिलोनात २००९ मध्ये कर्ज न फेडता आल्याने घर गमावणाऱ्यांची चळवळ उभी राहिली. ती माणसं घराच्या दारात बसून जप्ती अडवत. त्या चळवळीतली एक कार्यकर्ती, आदा कोलाऊ, २०१५ मध्ये त्या शहराची महापौर झाली. बाहेरून येणाऱ्याला जे भाडं स्वस्त वाटतं, ते तिथल्या केअरटेकर बाईला, दुकानात काम करणाऱ्या मुलीला परवडत नाही. २०२४ मध्ये भाड्यांविरुद्ध तिथे मोठे मोर्चे निघाले, आणि पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घरांचे परवाने २०२८ नंतर ठेवायचे नाहीत असं बार्सिलोनाच्या पालिकेने जाहीर केलं. म्हणजे ‘स्वस्त जागा’ असं काही नुसतं नसतं. कुणाच्या कमाईच्या मानाने स्वस्त, आणि त्यासाठी कोण उठून गेलं, हे विचारावं लागतं. लालबागमध्ये काय आणि बार्सिलोनात काय.

म्हणून माझं पहिलं सांगणं हिशोबाचं आहे. आपल्याकडे समुपदेशनाला येणारी बाई सांगते, ‘जागा बदलायचं चाललंय.’ तेव्हा तिच्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसा. घराची किंमत आणि हप्ता हे घरातले पुरुष मांडतातच. आपण बाकीचं मांडायचं. मुंबईत बेस्टचं साध्या बसचं किमान भाडं ९ मे २०२५ पासून ५ रुपयांवरून १० रुपये झालं. रोज जाऊन-येऊन, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर सुट्या तिकिटाचे अडीचशेचे पाचशे झाले. रिक्षाचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून २३ चं २६ झालं. लोकलचा पास त्या मानाने स्वस्त, पण स्टेशनपर्यंत पोचायला आणि स्टेशनपासून पुढे जायला जे लागतं ते वेगळं. धुणीभांडी करणाऱ्या बाईचं एक घर सुटलं तर महिन्याचे किती गेले, तेही लिहा.

आणि वेळ लिहा. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर आहे. दारापासून कामापर्यंत दोन तास धरले तर रोजचे चार, पंचवीस दिवसांचे शंभर तास. आठ तासांच्या पाळीने मोजलं तर साडेबारा दिवस बाई दर महिन्याला गाडीत उभी असते. तेवढ्याने स्वयंपाक, पाणी, मुलांचा अभ्यास, सासूचं औषध यांतलं काहीही कमी होत नाही; ते झोपेतून जातं. १९९२ मध्ये बायकांसाठी खास लोकल सुरू झाली, तिचं स्वागत आपण सगळ्यांनी केलं. पण ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांमधून पडून माणसं मेली, तेव्हा गर्दी किती आहे हे पुन्हा दिसलंच.

दुसरं सांगणं नावाचं आहे. काळाचौकीच्या एक काकू आमच्याकडे आल्या. नवरा वीस वर्षांपूर्वी सोडून गेलेला. भाडेपावती त्याच्या नावावर, भाडं भरत होत्या काकू. चाळीचा पुनर्विकास निघाला आणि नवरा सही करायला हजर झाला. जुन्या उपकरप्राप्त इमारतीत ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते आणि किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. पण संमती मागतात ती पावतीवरच्या नावाची. तिथे राहणाऱ्या बाईची कुणी मागत नाही. आम्ही कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली अर्ज केला. २००५ च्या या कायद्याने बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर भाड्याचं असलं तरी. घर विकायला किंवा त्यावरचा हक्क सोडून द्यायला न्यायालय नवऱ्याला मनाई करू शकतं. काकूंना तसा अंतरिम आदेश मिळाला. तो त्या पिशवीत घालून सगळीकडे नेतात. हा उपाय सही होण्याआधी करायचा असतो. सही झाल्यावर आलेल्या बायकांसाठी आम्हाला फार थोडं करता आलं आहे.

विधवा बहिणींनीही लक्षात ठेवावं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूचा हक्क येतो. म्हणजे तिथे राहत असल्याचा पुरावा लागतो. रेशनकार्ड, मतदार यादी, वीजबिल. गावी दिराकडे जाऊन राहण्याआधी हे कागद सांभाळा.

तिसरं, गिरणी कामगारांच्या घरांचं. पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज, आणि २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरं होती ६,९२५. नंतरही सोडती झाल्या, पण अर्ज करणारे म्हातारे होऊन वारले. आता शेलू आणि वांगणीला घरं देऊ असं सरकार म्हणतं, म्हणजे बदलापूरच्याही पुढे. ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानात त्याविरुद्ध आंदोलन झालं. मी गेले होते. तिथे नऊवारीतल्या आजी बसल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीला विचारलं, ‘घर मिळालं तर कोण राहणार?’ म्हणाली, ‘अर्ज मुलाच्या नावाने भरलाय. तो ठेवील तिथं राहीन.’ घर मुंबईतच हवं ही मागणी रास्तच आहे. पण त्याबरोबर ‘घर विधवेच्या नावावर, निदान जोडीने’ ही मागणी युनियनच्या व्यासपीठावरून आपण किती वेळा केली?

होऊ शकतं, हेही सांगते. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या, त्याच जागी. आता तिथे प्रश्न टॉवरच्या देखभाल खर्चाचा आहे. तो पेलला नाही तर ही घरंही विकली जातील आणि कुटुंबं पुन्हा बदलापूरचीच गाडी पकडतील. म्हणून किल्ल्या मिळाल्या की काम संपलं असं समजू नका.

शेवटी, आपल्या गटांनी काय करावं. एक, पुनर्विकासाच्या प्रत्येक सभेला बायकांनी जावं आणि करारात दोघांचं नाव घालून घ्यावं. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर २०२१ पासून राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे घरातल्या पुरुषांना जरूर सांगा. तत्त्वापेक्षा पैशाने कधी कधी लवकर पटतं. दोन, एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. लोकलमध्ये आणि बेस्टमध्ये तशी सवलत का नाही, हे आपण विचारलं पाहिजे. दिल्ली, तामिळनाडू, कर्नाटक इथे सरकारी बसचा प्रवास बायकांना मोफत करून दाखवला आहे. तीन, ज्या मैत्रिणी बदलापूर, विरार, वांगणीला गेल्या त्यांना आपण सोडून देऊ नये. आपल्या बैठका अजून दादरलाच होतात आणि ‘त्या हल्ली येत नाहीत’ अशी आपण तक्रार करतो. एक बैठक तिकडे ठेवू या.

माझी आई आज बदलापूरलाच आहे. पुढच्या महिन्यात तिच्या इमारतीत आठ-दहा जणी जमणार आहेत, त्यातल्या चौघी लालबाग-परळच्याच. जागा तिच्या घरी, चहा मी करणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी शिबिर संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावं.