धरण शासनाचे, पाणी शेतकऱ्यांचे

नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरण सार्वजनिक निधीतून उभे राहिले, कालवेही झाले. तरी कालव्याच्या शेपटाकडील ओझरच्या शिवारात हक्काचे पाणी पोहोचेना. पैसा खर्च झाला, विकास मात्र वाटेतच मुरला! १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या प्रेरणेने शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था स्थापिल्या. पाणी मोजून घ्यायचे, पाणीपट्टी स्वतः गोळा करायची, तंटे आपसांत मिटवायचे. ओढ्यांवरील बंधारे भरून घेतले, तेव्हा विहिरींना पाझर फुटला, द्राक्षबागा बहरल्या. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा राज्याचा कायदा २००५ चा. ओझरकर त्याआधीच कामाला लागले होते. नव्या कालव्यासाठी निधी मागणाऱ्यांनी आधी सांगावे, शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी मोजून कोण देणार?