टेन्झान खिंडीत कुणाची तरी वाट पाहणं

पन्नासेक तास खेळत राहावं, दुष्टांचा नायनाट व्हावा, पडद्यावर श्रेयनामावली सरकू लागावी आणि तरीही खरा शेवट आपल्याला दिसलेलाच नसावा, असं काही व्हिडिओ गेम मुद्दाम करतात. भूमिका घेऊन खेळायच्या, म्हणजे आरपीजी प्रकारच्या गेममध्ये ही खोड फार. त्यातल्या एकाच शेवटाबद्दल आज बोलतो. गेम 'सुईकोडेन २'. जपानच्या कोनामी कंपनीचा, १९९८ सालचा, प्लेस्टेशनवरचा. लेखक योशिताका मुरायामा.

कथेत दोन जिवलग मित्र आहेत. एक आपण, दुसरा जोवी. आपली मानलेली बहीण नानामी. हे दोघे मित्र हायलँड राज्याच्या सैन्यातल्या पोरसवदा तुकडीत असतात. तिथला राजपुत्र लुका ब्लाइट आपल्याच या पोरांची कत्तल घडवतो आणि आळ शेजारच्या नगरराज्यांवर ढकलतो, कारण त्याला युद्धासाठी निमित्त हवं असतं. हे दोघे पळत सुटतात, टेन्झान खिंडीत कड्याच्या टोकाशी अडकतात. उडी मारण्याआधी खडकावर खूण करतात : ताटातूट झालीच, तर इथं भेटायचं. हे सगळं अगदी सुरुवातीला. पुढे आपण नगरराज्यांच्या फौजेचे म्होरके होतो, आणि जोवी? तो हायलँडचा राजा होतो.

दडवलेल्या शेवटाचं पहिलं कुलूप म्हणजे १०८ साथीदार. हा आकडा चीनच्या 'श्वेइहू च्वान' या जुन्या कादंबरीतल्या १०८ बंडखोरांचा. साथीदार सगळे लढवय्येच असतात असं नाही. हाय यो स्वयंपाकी, रिचमंड गुप्तहेर, तेत्सू आपल्या फौजेच्या किल्ल्यात न्हाणीघर बांधणारा. काहींना ठरावीक वळणापर्यंतच गाठता येतं. पुढे रॉकॅक्सच्या गढीत नानामीला बाण लागतात आणि वैद्य येऊन ती गेल्याचं सांगतो. तोवर आपली माणसं पूर्ण जमलेली असतील, तर ती प्रत्यक्षात वाचलेली असते. मात्र आपल्याला ते त्या वेळी कळत नाही. न्हाणीघरवाला राहून गेला म्हणून बहीण मरते, हा हिशेब मला आजतागायत पटलेला नाही. ही नुसती हजेरी झाली.

दुसरं कुलूप मात्र वेगळ्या जातीचं. युद्ध जिंकलं जातं. लोक म्हणतात, आता तूच राज्य कर. हो म्हटलं की गोष्ट संपते, आणि आरती झाली की कीर्तनातून उठावं तसे बहुतेक खेळाडू उठतात. पण ज्याला तो खडक आठवतो, तो कुणाला न विचारता किल्ल्याबाहेर पडतो आणि खिंड गाठतो. जोवी तिथं उभा असतो. तो द्वंद्वाला बोलावतो.

गेममध्ये द्वंद्वं आधीही झालेली असतात. समोरचा काय बोलतो त्यावरून त्याचा पुढचा डाव ओळखायचा आणि वार करायचा, हे बोटांना पाठ झालेलं असतं. इथं वार करायचाच नाही. दर खेपेला फक्त बचाव. मग जोवी म्हणतो, आपल्या दोघांत अर्धी-अर्धी वाटलेल्या शक्तीतला माझा वाटा घे, दोन्ही अर्धे एकत्र कर. त्यालाही नकार द्यायचा, पुन्हा विचारलं तरी नकारच. तेव्हा कुठे जोवी वाचतो, पुढे नानामीही भेटते, आणि तिघं मिळून प्रवासाला निघतात. राज्याचं काय, तर ते इतर लोक पाहून घेतात!

'पर्सोना ४' या २००८ सालच्या गेममध्येही याच जातीची युक्ती आहे. निरोपाच्या आदल्या दिवशी घरी जायला नकार द्यावा लागतो, नाहीतर गावावरच्या संकटाचं मूळ कधी कळतच नाही. तिथं खेळाडूची शंका कामाला येते. टेन्झानला त्याची आठवण आणि आवरलेला हात. म्हणून मला टेन्झान सरस वाटतं.

मुरायामा २०२४ साली वारले. पुढच्याच वर्षी, मार्चमध्ये, पहिला आणि दुसरा सुईकोडेन नव्या चित्रांसह पुन्हा बाजारात आले, तेव्हा जुनं यंत्र शोधायची गरज उरलेली नाही. १०८ जणांची यादी खुशाल कुठूनतरी घ्या आणि शेजारी ठेवून खेळा, त्यात कमीपणा काही नाही. खिंडीतली गोष्ट मी सांगून टाकली म्हणून कुणी रागावलं असेल, तर ते रास्तच आहे. पण ठाऊक असूनही पहिल्याच फेरीत बोट वाराच्या पर्यायाकडे जातं, ते पाहाच.