साधी सर्दी

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाला दरवर्षी बाहेरून कोणी तरी पाहुणे येतात. यंदा समितीने आम्हांलाच उभं केलं. आम्ही डॉक्टर नाही. सरकारी खात्यातले उपयंत्री, डिप्लोमावाले; मोरी, रस्ता, पाण्याची टाकी एवढीच आमची विद्या. तरीही विषय घेतला तो सर्दीचा. कारण सभागृहात शिरल्यापासून आम्ही शिंका मोजतो आहोत. आतापर्यंत सात झाल्या.

भाद्रपदात सर्दी व्हायचीच. पाऊस, दमट हवा, भिजून आलेली मुलं. आजचा प्रश्नही अगदी घरगुती आहे. नाक गळतंय, घसा खवखवतोय, ताप नाही किंवा अंग जरासं कोमट आहे. अशा वेळी आरतीला जायचं की खोलीत बसायचं? तपासणी करायची की आल्याचा चहा घेऊन मोकळं व्हायचं? यावर आमच्या घराने दोनदा निर्णय घेतला. एकदा बरोबर, एकदा चूक. आज त्या दोन्ही वेळांबद्दल सांगतो.

पहिली वेळ २०२० ची. लॉकडाऊनमध्ये खात्याने आमची ड्यूटी महाराष्ट्राच्या सीमेवरच्या नाक्यावर लावली होती. मुंबई-नाशिककडून पायी येणारी माणसं, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं, हे सगळं आपण सर्वांनी रस्त्यावर पाहिलंच आहे. मे महिन्यात आमचा घसा धरला. घरात आम्ही दोघे भाऊ, दोघांच्या बायका, चार मुलं आणि मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वय चौऱ्याहत्तर, शुगरची गोळी चालू. तिच्याकडे पाहून आमचा मुक्काम मागच्या धान्याच्या खोलीत हलला. ताट उंबऱ्यापाशी ठेवायचं, उचलणाऱ्याने नंतर हात धुवायचे. फीवर क्लिनिकला जाऊन नाकातला नमुना दिला. चौथ्या दिवशी अहवाल आला, निगेटिव्ह.

सुटलो म्हणावं, तर खरा त्रास तिथून सुरू झाला. दूधवाल्याने आधीच वाट बदलली होती. एका दुकानदाराने आमची नोट चिमट्याने घेतली. पुढे भीती ओसरल्यावर थट्टा सुरू झाली. ‘क्वारंटाईन साहेब आले’ असं लोक वर्षभर म्हणत होते. निगेटिव्ह आला म्हणजे खोलीत बसणं वाया गेलं, असा सगळ्यांनी हिशेब मांडला आणि आम्हीही तो मानला. आमची पहिली चूक तीच.

त्या काळात गावात आजारापेक्षा दारावरच्या कागदाची आणि गल्लीच्या तोंडाशी ठोकलेल्या बल्ल्यांची भीती जास्त होती. पुढे डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश नसेल तर रुग्णाच्या घरावर असे कागद लावू नयेत. पण तोपर्यंत लोक खोकला उशीत दाबायला शिकले होते.

ही गोष्ट जुनी आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला, आणि सव्वाशे वर्षांनी आपल्या लॉकडाऊनमध्ये तोच कामाला आला. पुण्यात रँडच्या अमलात सोजीर घराघरांत शिरले, माणसं उचलून छावण्यांत नेली. परिणाम काय झाला, तर लोकांनी आजारी माणसं लपवली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर दवाखाना चालवला. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वेगळं ठेवणं दोन्हीकडे होतंच. फरक इतकाच की एकीकडे माणसाला धरून नेत होते आणि दुसरीकडे त्याला सांभाळत होते.

आता दुसरी वेळ. १४ मार्च २०२१, महाशिवरात्रीनंतरचा रविवार. मुक्ताईनगरला भाचीचा साखरपुडा होता. शुक्रवारपासून आम्हा दोघा भावांना सर्दी. ताप नाही, अंगदुखी नाही. अमरावतीकडे साथ पुन्हा वाढल्याच्या बातम्या तीन आठवडे ऐकत होतो. पण आपल्याकडे हवा बदलत होती, सकाळी गारवा आणि दुपारी ऊन, म्हणजे सर्दी होणारच असं म्हणायला निमित्त होतं. शंका आली नाही असं नाही. पण धान्याची खोली आठवली, चिमट्याने घेतलेली नोट आठवली. ‘पुन्हा बाऊ नको’ असं ठरलं. ठरलं तरी कसं म्हणायचं, त्या विषयावर घरात कोणी तोंडच उघडलं नाही.

साठीवरच्यांना १ मार्चपासून लस मिळत होती. मोठी आई म्हणाली होती, ‘आधी पोरीचा साखरपुडा होऊ द्या रे, मग टोचून घेते. हात दुखला तर मिरवू कशी?’ गाडीत ती आम्हा दोघांच्या मध्ये बसली. धूळ नको म्हणून काचा बंद.

मंगळवारी वहिनींनी शेवभाजी केली आणि आम्हा दोघांना तिचा वास आला नाही. गुरुवारी दोघेही पॉझिटिव्ह. शुक्रवारी मोठ्या आईला खोकला लागला. पुढच्या आठवड्यात ऑक्सिमीटर ८८ दाखवू लागला. बुऱ्हाणपूरला पलंग मिळाला, त्यासाठी किती फोन केले ते आता सांगत नाही. पाडव्याच्या चार दिवस आधी ती गेली.

साखरपुड्याला दीडशे माणसं होती. आजार तिथल्या कोणाकडूनही आला असेल. डॉक्टरही हेच सांगून आमची समजूत काढतात. असेलही तसं.

आपण केळीवाले लोक आहोत, म्हणून केळीचंच उदाहरण देतो. पावसाळ्यात बागेत हरण्या येतो, शास्त्रवाले त्याला सीएमव्ही म्हणतात. पानावर पिवळे पट्टे दिसले की शहाणा शेतकरी ते झाड मुळासकट उपटून गाडतो. पान प्रयोगशाळेत पाठवून आठवडाभर थांबत नाही, कारण तोवर मावा तो विषाणू शेजारच्या झाडांवर नेतो. एखादं झाड चुकून उपटलं गेलं तर मूर्ख बनलो असंही त्याला वाटत नाही. बागेला कळणारी ही गोष्ट घरात का कळू नये? आणि माणसाला तर उपटायचंही नाही, पाच-सात दिवस बाजूच्या खोलीत बसवायचं आहे, ताटात गरम भाकरी वाढून.

म्हणून आता आमच्या घरात अहवालाची वाट न पाहता आधी वेगळं बसायचं आणि मग तपासणीचं बघायचं. ‘मला काय झालंय?’ हा प्रश्न मागे ठेवायचा. ‘उद्या मी कोणाशेजारी बसणार आहे?’ हा पुढे घ्यायचा. घरात म्हातारं माणूस, शुगरवाला, दम्याचा रुग्ण, गरोदर सून, तान्हं बाळ असेल तर डॉक्टरांना लवकर विचारावं आणि ते म्हणतील ती तपासणी करावी. तसं कोणी नसेल आणि साधी सर्दी असेल, तर पैसे खर्च नाही केले तरी चालेल, पण तोंडावर मास्क आणि वेगळं अंथरूण हवंच. ताप तीन दिवसांत उतरला नाही, दम लागला किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, तर घरगुती उपाय सोडून दवाखाना गाठायचा.

तपासणीबद्दलही थोडं बोलतो. साथ सुरू झाली तेव्हा मार्च २०२० मध्ये पहिला देशी आरटी-पीसीआर किट पुण्याच्या मायलॅबने तयार केला. ते काम मीनल दाखवे-भोसले या आपल्या मराठी बाईंनी गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांपर्यंत केलं. त्याच कंपनीचा घरी करायचा किट मे २०२१ मध्ये मंजूर झाला, किंमत अडीचशे रुपये. ‘सी’पुढे एक रेघ आली तर निगेटिव्ह, ‘टी’पुढेही आली तर पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह आला तर खरा धरावा. पण लक्षणं असताना झटपट तपासणी निगेटिव्ह आली, तर ती पक्की नाही. आयसीएमआरनेही अशा वेळी पुन्हा आरटी-पीसीआर करायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी विषाणू कमी असतो, रेघ उमटत नाही. म्हणून निगेटिव्ह कागद हातात आला की लगेच म्हाताऱ्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसायचं नाही. शिवाय तो किट फक्त कोरोना सांगतो. फ्लू असेल तर त्यावर दिसणार नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला फ्लूही बेजार करतो.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. आम्हा सरकारी नोकरांना रजा मिळते. यंत्रमागावरच्या माणसाचा किंवा केळीच्या गाडीवर घड भरणाऱ्याचा बसला दिवस बुडतो. त्याला ‘घरी बस’ सांगणं सोपं आहे. त्याच्या घरी चार दिवसांचा शिधा कोण पोचवणार, हेही त्याच दमात सांगायला हवं. गेल्या वर्षी आपल्या मंडळातल्या दोघांनी गाजावाजा न करता हे केलं. त्यांनी नको म्हटलं म्हणून नावं घेत नाही.

२०२५ च्या मे-जूनमध्ये देशात कोरोनाचे रुग्ण पुन्हा वाढले होते, बहुतेक सगळे सौम्य. त्यामुळे कोणी घाबरायचं कारण नाही, पण जुनी थट्टाही नको. काल सकाळी तळणीचे मोदक करायला बायका जमणार होत्या. तेव्हा एका वहिनींचा फोन आला, ‘घसा बसलाय, मी येत नाही.’ पलीकडून कोणी ‘का’ विचारलं नाही. मोदक दीड तास उशिरा झाले, इतकंच.

आरतीची वेळ झाली. मघाचे सात शिंकणारे, आम्ही नावं घेत नाही, त्यांच्यासाठी बाहेर ओट्यावर खुर्च्या मांडल्या आहेत. झांजांचा आवाज तिथवर जातो. दाराशी मास्कची पेटी आहे. प्रसाद मुलं आणून देतील.