हिशेबाची वही आणि मंडळाचे दार

(ग्रामीण युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



खेड्यातील तरुण मंडळाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर साधारणपणे दोन चित्रे उभी राहतात. एक, कुदळ-फावडे घेऊन गावचा रस्ता दुरुस्त करणाऱ्या तरुणांचे. दुसरे, पावतीपुस्तक घेऊन वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या तरुणांचे. पहिले चित्र आपल्याला प्रिय आहे, दुसरे पाहून आपण नाक मुरडतो. परंतु दोन्ही चित्रांत एक गोष्ट समान आहे. श्रमदान संपल्यावर त्या तरुणाच्या पदरी काय पडले, आणि उत्सव संपल्यावर वर्गणीचा हिशेब कोणी पाहिला, हे विचारण्याची रीत दोन्हीकडे नाही. मंडळात आलेला तरुण नेमके शिकतो काय, आणि जो तरुण मंडळात येतच नाही तो का येत नाही, या दोन प्रश्नांचा आज विचार करावयाचा आहे.

त्यासाठी एका परदेशी चळवळीचा इतिहास पाहणे उपयोगी ठरेल. अमेरिकेतील ग्रामीण मुलामुलींची ‘फोर-एच’ मंडळे म्हणजे ती चळवळ. हे नाव प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटेल. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार गोष्टींच्या इंग्रजी नावांचे आद्याक्षर ‘एच’ आहे, म्हणून फोर-एच. चार पानांचा हिरवा क्लोव्हर हे तिचे चिन्ह. ही चळवळ समाजवादी नव्हती आणि आजही नाही. तरीही तिच्या पद्धतीत आपण घ्यावे असे पुष्कळ आहे, आणि तिच्या इतिहासात आपण सावध व्हावे असे त्याहूनही अधिक आहे.

या मंडळांचा प्रारंभ सामान्यतः १९०२ सालचा मानला जातो. ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्डच्या परिसरातील शाळांचे अधीक्षक ए. बी. ग्रॅहम यांनी त्या वर्षी जानेवारीत मुलामुलींचे एक मंडळ स्थापन केले. मुले मक्याचे निवडक बियाणे पेरीत, बागेत भाजीपाला लावीत, आपल्या शेतातील माती आम्ल आहे की नाही हे लिटमस कागदाने तपासून पाहात. शाळा खेड्यात आणि शिक्षण मात्र शहराचे, या विसंगतीतून सुटण्याचा हा एक प्रयत्न होता.

परंतु ही कल्पना देशभर पसरण्याचे कारण केवळ शैक्षणिक नव्हते, ते आर्थिक होते. कृषी महाविद्यालयांत नवे ज्ञान तयार होत होते आणि शेतकरी त्यावर विश्वास ठेवण्यास तयार नव्हता. पुस्तकी पंडिताने आपल्याला शेती शिकवावी हे त्याला पटत नसे, आणि त्यात त्याची चूकही नव्हती. कारण प्रयोग फसला तर नुकसान पंडिताचे होणार नव्हते. सीमन नॅप या कृषिशिक्षकाने १९०३ मध्ये टेक्सासमधील टेरेल येथे यावर मार्ग काढला. प्रयोग सरकारी शेतावर न करता शेतकऱ्याच्याच शेतावर, त्याच्याच हातून करून घ्यावयाचा. पुढे असे दिसून आले की, बाप जे ऐकत नाही ते मुलाच्या हातून झालेले पाहिले की त्याला पटते. म्हणून मुलाला एक एकर जमीन द्यावी, तीवर त्याने सुधारलेल्या पद्धतीने मका घ्यावा आणि शेजारच्या बांधावरून बापाने तो पाहावा. १९०७ पासून मिसिसिपीत आणि नंतर दक्षिणेतील इतर राज्यांत अशी मका-मंडळे उभी राहिली. १९१० साली दक्षिण कॅरोलायनातील जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलाने एका एकरात २२८ बुशेलांहून अधिक मका काढला. देशाची सरासरी तेव्हा एकरी ३० बुशेलांच्या आत होती. त्याच वर्षी त्याच राज्यातील एकन परगण्यात मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींचे टोमॅटो-मंडळ काढले. प्रत्येक मुलीने एकराच्या दहाव्या भागात टोमॅटो लावावयाचे, ते डब्यांत भरून टिकवावयाचे आणि विकावयाचे. ज्या समाजात मुलीच्या हाती स्वतःचा पैसा येत नव्हता, तेथे तो येऊ लागला. ही गोष्ट लहान नाही.

पुढे ८ मे १९१४ रोजी स्मिथ-लीव्हर कायदा झाला. केंद्र सरकार, राज्याचे कृषी महाविद्यालय आणि स्थानिक काउंटी यांच्या संयुक्त खर्चाने कृषी विस्ताराची व्यवस्था उभी राहिली आणि ही मंडळे तिचा भाग बनली.

आता मंडळाची कार्यपद्धती पाहू. मूल मंडळात दाखल होते तेव्हा त्याला एक काम स्वतः निवडावे लागते. कोणी वासरू पाळील, कोणी कोंबड्या. कोणी शिवणकाम घेईल, कोणी भाजीचा वाफा करील. हे काम वर्षभराचे असते. सभा नियमित होतात आणि अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार मुलेच आपल्यातून निवडतात. ठराव कसा मांडावा, त्यास अनुमोदन कसे द्यावे, विरोधी मत कसे ऐकून घ्यावे, हे दहा-बारा वर्षांची मुले तेथे शिकतात. आपण शिकलेली गोष्ट चारचौघांसमोर करून दाखवावी लागते. वर्षाच्या शेवटी काउंटीच्या जत्रेत काम मांडले जाते. तेथे पुष्कळ ठिकाणी एक चांगली रीत आहे. एकच पहिला आणि बाकी सारे पराभूत असे न करता, प्रत्येकाचे काम ठरलेल्या कसोटीवर पारखतात. उत्तम ठरलेल्या प्रत्येकास निळी फीत, चांगल्यास तांबडी, साधारणास पांढरी.

या सर्वांत महत्त्वाची असते ती हिशेबाची वही. वासरू कितीला घेतले, चारा किती लागला, औषधाला काय गेले, विकून काय आले, हे सारे त्या मुलाने स्वतः लिहावयाचे असते. कामाला शिक्षणाचे रूप येते ते या वहीमुळे. हाताने केलेले काम कागदावर उतरले की मनुष्य त्याबद्दल प्रश्न विचारू लागतो. न उतरले तर ते नुसते कष्ट राहतात.

परंतु याच वहीत या चळवळीचे पहिले वैगुण्यही लपलेले आहे. एक साधे उदाहरण घेऊ. एका मोठ्या शेतकऱ्याची मुलगी वासरू पाळते आणि वहीत चांगला नफा दाखविते. त्या वहीत गोठ्याचे भाडे नसते. कुरणाचा खंड नसतो. बापाच्या गड्याने घातलेल्या वैरणीची मजुरी नसते. जत्रेतील लिलावात गावचे व्यापारी कौतुकापोटी बाजारभावाहून अधिक किंमत देतात, ती मात्र जमेस धरलेली असते. त्या मुलीने लबाडी केली असे नव्हे. तिला वहीच तशी शिकविली गेली. आता दुसरे मूल पाहा, शेतमजुराचे. त्याला गोठा नाही, कुरण नाही, पहिल्या वासराचे भांडवल नाही. त्याची वही कोरी राहते, आणि गाव म्हणते, या पोरात उमेद नाही. मालमत्तेचे उत्पन्न गुणवत्तेच्या नावावर जमा होते ते असे.

दुसरे वैगुण्य अधिक व्यापक होते. या मंडळांनी मुलांना पीक वाढविण्यास शिकविले; वाढलेल्या पिकाचे भाव कोण ठरवितो, हे विचारण्यास शिकविले नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० पासून, अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळले. पुढे महामंदीत स्थिती अशी झाली की, १९३३ मध्ये सरकारनेच एक कोटी एकरांवरचे उभे कापसाचे पीक नांगरून टाकविले आणि सुमारे साठ लाख डुकरे भाव सावरण्यासाठी मारविली. ज्या सरकारच्या विस्तार खात्याने मुलांना डुकरे चांगली पोसण्यास शिकविले, त्याच सरकारवर ही पाळी आली. एका मुलाने पीक दुप्पट केले तर त्याचा फायदा होतो; सर्वांनी दुप्पट केले तर भाव पडतो. ही गोष्ट मंडळाच्या वहीत बसत नव्हती. आणि १९२१ पासून या चळवळीच्या पाठीराख्यांमध्ये बँका, रेल्वे कंपन्या आणि मांसाचे कारखानदार होते; भावाचा प्रश्न मुलांनी विचारावा अशी त्यांची इच्छा असण्याचे कारण नव्हते.

तिसरे वैगुण्य सर्वांत कटू आहे आणि ते मंडळाच्या दाराशी आहे. स्मिथ-लीव्हर कायद्यात अशी सोय होती की, ज्या राज्यांत गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची महाविद्यालये वेगळी आहेत, तेथे निधी कोणत्या महाविद्यालयामार्फत खर्च व्हावा हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवावे. दक्षिणेतील विधिमंडळे कोणाच्या हाती होती हे सांगावयास नको. कृष्णवर्णीय मुलांची मंडळे निघाली, पण वेगळी; अपुऱ्या पैशांवर आणि अपुऱ्या सेवकांवर. थॉमस कॅम्बेल हे १९०६ मध्ये नेमले गेलेले पहिले कृष्णवर्णीय विस्तार अधिकारी. टस्कीगी संस्थेची अवजारांनी भरलेली एक घोडागाडी घेऊन ते अलाबामातील खेडोपाडी हिंडत. अशा माणसांच्या चिकाटीवर ती मंडळे जगली. नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली झाला. पुढील वर्षी नागरी हक्क आयोगाने कृषी खात्याच्या योजनांची तपासणी केली, तेव्हा हा भेदभाव त्याने अधिकृतपणे नोंदविला. चार पानांखाली चार मूल्ये लिहिलेली आणि दारावर वर्ण तपासला जातो, अशी ती परिस्थिती होती. ते दार कायद्याने उघडले. मंडळाने आपण होऊन उघडले नाही.

हे दूरदेशीचे झाले, असे कोणी म्हणेल. तसे नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी आपल्याकडे समूह विकास योजना सुरू झाली. अमेरिकेतील कृषी विस्ताराच्या पद्धतीची छाप तिच्यावर स्पष्ट होती आणि फोर्ड फाउंडेशनचे साहाय्यही तिला होते. ग्रामसेवक आले, प्रात्यक्षिके आली, युवक मंडळे आणि महिला मंडळे आली. पद्धतीबरोबर वैगुण्यही आले. प्रात्यक्षिकासाठी जमीन हवी, म्हणून ग्रामसेवक जमीनवाल्याच्या बांधावर गेला. युवक मंडळाची बैठक वाड्याच्या ओसरीवर किंवा मंदिरात भरली. तेथे दलित वस्तीतील तरुण संकोचाने येईनासा झाला आणि मजुराचा मुलगा रोजगार बुडेल म्हणून आला नाही. तरुणी आल्या नाहीत, कारण त्यांना कोणी बोलावलेच नाही. लोकांचा सहभाग या योजनेला मिळाला नाही, असे बलवंतराय मेहता समितीला १९५७ मध्ये नमूद करावे लागले. सहभाग हा बोलावण्याने येत नाही. ज्याला ज्या जागी पाय ठेवता येतो तेथेच तो सहभागी होतो.

मग आपल्या कार्यकर्त्याने गावात मंडळ काढताना काय करावे? राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून शाखा आणि शिबिरे यांतून एक धडा दिला आहे : मुले-मुली, सर्व जाती, एकाच रांगेत आणि एकाच पंगतीत. तो प्रथम पाळावा. बैठकीची जागा सर्वात मागे राहिलेल्या वस्तीला जवळची असावी आणि वेळ मजुरीहून परतणाऱ्याला सोयीची असावी. ही बाब किरकोळ वाटते, परंतु मंडळ कोणाचे होणार हे येथेच ठरते.

त्यानंतर काम. जमीन लागणारे काम एकमेव काम होऊ नये. अमेरिकेतील काही मंडळांनी भांडवल नसलेल्या मुलांसाठी एक युक्ती वापरली. मुलाला डुकराची एक मादी द्यावयाची. तिला पिले झाली की त्याने एक मादी परत करावयाची आणि ती पुढच्या मुलाला जावयाची. यात दानही नाही आणि सावकारीही नाही. आपल्या खेड्यात हीच माळ शेळीची करता येईल. रोपवाटिका, सायकलदुरुस्ती, पंपाची दुरुस्ती, पडिक गावठाणावर सामायिक भाजीपाला, विहिरींच्या पाण्याच्या पातळीची दर महिन्याची नोंद, ही सारी भूमिहीनाच्या मुलालाही करता येण्याजोगी कामे आहेत.

आणि शेवटी वही. ती प्रत्येकाने ठेवलीच पाहिजे. पण ती पुरी असली पाहिजे. आईने घातलेल्या चाऱ्याची मजुरी त्यात मांडावी, जमिनीचा खंड मांडावा, आणि व्यापाऱ्याने दिलेला भाव व शहरातील विक्रीचा भाव शेजारी शेजारी लिहावा. मग नफा कोठे गेला हे वेगळे शिकवावे लागणार नाही. ज्या मुलाने दोन वर्षे शेळीचा हिशेब ठेवला, त्याला ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचता येतो. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले आहे. त्या सभेत उभे राहून रस्त्याच्या खडीचा दर विचारणारा तरुण आकाशातून पडत नाही. तो कोठेतरी घडवावा लागतो.

म्हणून पुढील महिन्यात आपापल्या गावी परतल्यावर मंडळाच्या सभासदांची यादी काढा. तिच्यात भूमिहीनांची मुले किती, मुली किती, कोणत्या वस्तीचे नाव एकदाही आलेले नाही, हे प्रामाणिकपणे मोजा. मंडळाची पहिली हिशेबवही ही असावी.