पोटाचे दुखणे आणि पोटाची चिंता



जुलाबासारखा विषय व्यासपीठावर कशाला, असे कुणी म्हणेल. पण कामगाराचे पोट बिघडले की त्याला औषधाआधी खाड्याची चिंता लागते. तो तसाच पाळीवर येतो. अंगातले पाणी व मीठ गेलेले, भोवळ येते, यंत्रावरचा हात चुकतो. तोच माणूस कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटत असला, तर सारी पाळी आजारी पडू शकते. म्हणून जुलाब थांबल्यावरही दोन दिवस त्याने अन्नाला हात लावू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते.

आता कायदा पाहा. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने आजारपणाचा भत्ता दिला. परंतु पहिले दोन दिवस त्यातून वगळले. आणि हे दुखणे बहुधा दोन-तीन दिवसांचेच! म्हणजे जे चटकन दुसऱ्याला लागते, तेच भत्त्याविना राहिले.

जलसंजीवनी घ्या, घरी थांबा, असे आम्ही कामगाराला जरूर सांगतो. पण थांबण्याची किंमत त्याने एकट्याने का मोजावी? ह्या दोन दिवसांची पगारी रजा, कंत्राटी कामगारांसह, प्रत्येक करारात लिहून घेतली पाहिजे. ती मेहेरबानी नव्हे. त्यात साऱ्या पाळीचेच रक्षण आहे.