बाबांना गडावर न्या



शाळेच्या स्नेहसंमेलनाला एखादा गिर्यारोहक बोलवायचा, तर तुम्ही मुद्रितशोधक बोलावलात! पुण्यात खुर्चीवर बसून ऱ्हस्व-दीर्घ तपासणं हा माझा व्यवसाय. लहानपणापासून मी पक्का घरकोंबडा. राजगडावरच्या मजकुरातल्या चुका काढल्या, राजगड मात्र चढलो नाही.

येत्या चैत्रात आमच्या घरी पाळणा हलणार आहे. ही बातमी कळल्यापासून माझ्या टेबलावर भोर-वेल्ह्याचा नकाशा पसरलेला असतो. बायको हसते. हसू दे. पोराला घेऊन गड हिंडायचे, हा बेत पक्का आहे.

आधी नसरापूरचं बनेश्वर. 1749 साली नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं मंदिर, भोवती गर्द झाडी. तिथे चढ नाही, त्यामुळे कडेवरच्या बाळाला झेपेल आणि मलाही. पोर नीट चालू लागलं की रायरेश्वर. लोखंडी शिडी चढून गेलं की वर विस्तीर्ण पठार, जंगमांची घरं, शेतं आणि सात रंगांची माती. शिवरायांनी स्वराज्याची शपथ इथेच घेतली, असं परंपरा सांगते. मग बाजारवाडीहून रोहिडा. राजगड सगळ्यांत शेवटी. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत तुमचा राजगड आहे. राजाराम महाराजांचा जन्म याच गडावरचा, 1670 सालचा. म्हणजे तिथल्या तटांना लहान मुलांची सवय जुनी आहे!

कादंबरीकार गो. नी. दांडेकर, म्हणजे गोनीदा, असेच लेकीला, वीणाला, घेऊन गड हिंडले. पुढे त्या वीणा देव झाल्या, मराठी शिकवू लागल्या आणि वडिलांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन करत राहिल्या. पण गोनीदा अस्सल भटके होते. ज्याला वाटच ठाऊक नाही, त्या बापाने काय करायचं?

मी ठरवलंय, विचारायचं. गुराख्याला, गावातल्या आजीला, आणि पोर मोठं झालं की पोरालाही. बापाला सगळं येतं, हे पाहून मूल दबतं; बापही शिकतोय, हे पाहिलं की ते स्वतः पुढे होतं.

आणि शिकवणारे तर इथे समोर बसलेत. करवंदं कुठल्या जाळीत आधी पिकतात, ओढ्याला पाणी कधी चढतं, हे तुम्हाला माहीत आहे. पावसात शेवाळलेल्या कातळावर धावायचं नाही, आग्या मोहोळाखाली धूर करायचा नाही की अत्तर लावून जायचं नाही, हेही तुमच्याकडूनच आम्ही शहरातल्यांनी शिकायचं.

पालकहो, शेत, कंपनी, दुकान यांतून सवड मिळत नाही, हे मी जाणतो. महामार्गावरून पुण्या-मुंबईची माणसं तुमच्या डोंगरांकडे येतात, आणि पायथ्याची माणसं मात्र वर जायची राहून जातात. परीक्षा संपली की मुलांना एक अख्खा दिवस द्या. फोन खिशात राहू द्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, बाबा विसरले तर आठवण तुम्ही करा. पाण्याची बाटली भरा, भाकरी बांधून घ्या, येताना कचरा खाली आणा आणि वाटेत त्यांना दम लागला तर हसू नका, थांबा.