काच टेकण्यापूर्वी



काचेवर मऊ रबराचा अतिशय पातळ थर द्या व दुसरी काच अगदी जवळ आणा. ती टेकण्यापूर्वीच थरावर उंचवटे उठतात. रेणूंचे आकर्षण रबराला वर ओढते. रबर दाबून आकसत नाही, म्हणून शेजारी ते खचते. मौज अशी की, आकर्षण कितीही असो, रबर मऊ असो वा कडक, दोन उंचवट्यांतील अंतर जाडीच्या सुमारे ३ पट! (रबर कडक असल्यास काच अधिक जवळ न्यावी लागते, इतकेच.) हे गणित २००१ साली विजय शेणॉय व कानपूरच्या आय.आय.टी.चे आशुतोष शर्मा यांनी मांडले. दहावीनंतर गणित सोडू पाहणाऱ्या वणीतील आपल्या मुलामुलींना मी हे मुद्दाम सांगतो. मागच्या बाकावरून विचारणा होते, “सर, जाडी दुप्पट केली तर?”